वर्ष-सव्वा वर्षात बसणाऱ्या ट्रकच्या बॅटऱ्या: नवी जोडी घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन दहाचाकी गाड्या, एक बीएस-४ आणि एक बीएस-६. हंगामात कारखान्याला ऊस, एरवी मार्केटचा माल. १३० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज) बॅटऱ्या सव्वा वर्षात दुसऱ्यांदा बसल्या. एक दुकानदार म्हणतो १८० एएच टाका. दुसरा म्हणतो पाणी न लागणारी घ्या. ड्रायव्हर म्हणतो एकच खराब आहे, तेवढीच बदला.

माझं म्हणणं असं की यातलं काहीही करण्याआधी गाडी एक दिवस उभी करा आणि जुनी जोडी का गेली ते शोधा. ट्रकची चांगली बॅटरी नीट सांभाळली तर आपल्या हवेत अडीच-तीन वर्षं चालते, काही चार वर्षंही ओढतात. ओळीनं दोन जोड्या सव्वा वर्षात गेल्या म्हणजे दोष बहुधा वायरिंगमध्ये, चार्जिंगमध्ये किंवा वापरात आहे, आणि तिसरी जोडी कितीही महागाची टाकली तरी तो दोष तिलाही खाणार. मी चोवीस व्होल्टच्या गाड्यांचंच काम करतो. वेळेआधी गेलेल्या बॅटऱ्यांमध्ये खरोखर कारखान्याचा दोष असलेली क्वचित निघते.

सगळ्यात आधी जोडी म्हणजे काय ते लक्षात घ्या, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. आपल्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. एकीची मायनस चासीला, तिला मी अर्थकडची म्हणतो. दुसरीची प्लस सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला जाते, ती सेल्फकडची. दोघींमध्ये एक जोडपट्टी. अल्टरनेटरला या दोन वेगळ्या बॅटऱ्या दिसतच नाहीत, त्याला फक्त बेरीज दिसते. बेरीज २८ व्होल्ट झाली की त्याच्या लेखी काम झालं. आत एक उपाशी आणि एक अजीर्ण झालेली असली तरी डॅशबोर्डवरचा काटा अगदी बरोबर जागी उभा राहतो.

आता तुमच्या गाडीची बॅटरीची पेटी उघडा आणि त्या जोडपट्टीच्या लगाखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीखाली बघा. एखादी बारीक लाल वायर दाबून बसवलेली दिसते का? बहुतेक गाड्यांत दिसते. केबिनमधला म्युझिक डेक १२ व्होल्टचा, पंखा १२ व्होल्टचा, मोबाइल चार्जर १२ व्होल्टचा, देवाची लाइट १२ व्होल्टची. वायरमननं सोपा रस्ता काढलेला असतो: मधल्या पट्टीवरून प्लस आणि चासीवरून अर्थ. सगळं चालतं, कोणाची तक्रार नसते. पण तो सगळा करंट एकट्या अर्थकडच्या बॅटरीतून जातो. गाडी चालू झाली की दोघींतून सारखाच चार्जिंग करंट वाहतो, आणि जिच्यातून जास्त काढलंय तिचं कधी भरून येत नाही. चार्जिंगच्या वेळी मोजलंत तर २८.२ ची वाटणी साधारण अशी निघते: अर्थकडचीवर १३.३ आणि सेल्फकडचीवर १४.९. पहिलीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो. दुसरी रोज उकळते.

याची खूण मीटरशिवायही कळते. क्लीनरला विचारा, पाणी कोणत्या बॅटरीला जास्त लागतं. एकीला दर पंधरवड्याला पाणी आणि दुसरीची पातळी हलतच नाही असं असेल तर समजा की जोडीचा तोल गेलाय. आणि बहुतेक लोक इथेच फसतात: पाणी पिणारी ती खराब असं धरून ती बदलतात. आधी मेलेली असते ती दुसरी, जिला पाणी लागत नव्हतं. एका डंपरवाल्यानं माझ्याकडे येण्याआधी सेल्फकडची बॅटरी बदलून पाहिली होती, मग सेल्फ उघडून पाहिला होता, मग अल्टरनेटरचा रेग्युलेटर बदलला होता. पट्टीवरची ती वायर काढून डेकला २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावला, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरल्या, आणि त्याची कटकट तिथे थांबली. कन्व्हर्टर १० ते २० अँपिअरचा बाजारात मिळतो, एका बॅटरीच्या किमतीच्या मानानं अगदी किरकोळ खर्च आहे. दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारं बॅलन्सरही मिळतं, तेही चांगलं, पण आधी वायर काढा.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद करून रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी, सेल्फ मारण्याआधी, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. पाणी न लागणारी कॅल्शियमची (प्लेटच्या शिशात कॅल्शियम मिसळलेली) बॅटरी १२.७-१२.८ सुद्धा दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर ती बॅटरी रोज थोडी थोडी मरतेय. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक दिसला तर जोडी बिघडलेली आहे. झाकणं उघडता येत असतील तर हायड्रोमीटरही लावा, कारण व्होल्टेज सहा सेलची बेरीज सांगतं आणि हायड्रोमीटर एकेका सेलची खबर देतो. आपल्याकडच्या गरम हवेत भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, २७ अंशांना १२४० ते १२६० असते. सहापैकी पाच सेल १२४० आणि एक ११५० दाखवत असेल तर तो सेल गेला. सगळे सहा सारखेच ११८० असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे, तिला टाकून देऊ नका, चार्जिंगला लावा.

मग इंजिन चालू करून पंधराशे आरपीएमला, दिवे बंद ठेवून, टोकापासून टोकापर्यंत मोजा. २७.६ ते २८.६ च्या दरम्यान पाहिजे. कमी असेल तर आधी बेल्टचा ताण बघा, मग अल्टरनेटरचे ब्रश आणि रेग्युलेटर. २९ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, दोन्ही बॅटऱ्या उकळून मरतील आणि बल्बही उडत असतील. सगळे दिवे, वायपर, ब्लोअर चालू करून परत मोजा, २७ च्या खाली यायला नको. आणि अशा चालू स्थितीतच एकेक बॅटरी वेगळी मोजा. मी मघाशी सांगितलेली वाटणी इथे उघडी पडते.

तिसरं माप सेल्फ मारताना. एक माणूस केबिनमध्ये, एक मीटरवर. कोणतीही बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. एक दहावर टिकली आणि दुसरी आठवर पडली तर दोषी कोण ते दिसलंच. दोन्ही साडेदहावर टिकून आहेत आणि तरीही सेल्फ जड फिरतोय, तर बॅटरी चांगली आहे आणि करंट वाटेत मरतोय. ही तपासणी फार कमी जण करतात, म्हणून जरा खोलात सांगतो. मोठ्या इंजिनचा सेल्फ फिरताना ३००-४०० अँपिअर ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहून बरंच जास्त. वाटेत कुठे एक मिलिओहम जरी अडथळा असला, म्हणजे गंजलेला लग किंवा सैल नट, तर ४०० अँपिअरला तिथेच ०.४ व्होल्ट पडतो. असे चार सांधे असले की दीड व्होल्ट गेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरा, सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा लग खराब. तसंच इंजिनची बॉडी ते बॅटरीची मायनस. इंजिनवरून चासीला येणारी विणलेली अर्थपट्टी बऱ्याच गाड्यांत अर्धी तुटलेली किंवा रंगाखाली गंजलेली असते. गॅरेजमध्ये इंजिन उतरवून चढवलं असेल तर ती पट्टी परत लावलीच नाही असंही होतं. त्या गाडीचा करंट मग गिअरच्या केबलमधून वाट काढतो.

लग बदलताना हातोडीनं ठोकून चपटा केलेला पितळी लग घेऊ नका. क्रिंप केलेला तांब्याचा लग, वर हीटश्रिंक. केबल जुन्या जाडीचीच, मोठ्या गाड्यांना साधारण ७० चौरस मिलिमीटर. काही दुकानांत जाड रबराच्या आत बारीक तांबं असलेली केबल देतात, टोक कापून आतलं तांबं बघून घ्या.

आता तुमच्या धंद्याकडे येतो, कारण ऊसवाहतुकीत बॅटरीवर जो ताण येतो तो लांब पल्ल्याच्या गाडीवर येत नाही. कारखान्याच्या यार्डात गाडी नंबराला लागते. रात्रभर दर थोड्या वेळानं चालू करायची, दोन गाड्यांची जागा पुढे घ्यायची, बंद करायची. लोकांना वाटतं वारंवार सेल्फ मारल्यानं बॅटरी उतरते. हिशेब करून पाहा: ४०० अँपिअर तीन सेकंद म्हणजे एएचमध्ये फक्त एक तृतीयांश. वीस वेळा सेल्फ मारला तरी सात एएचही जात नाहीत. बॅटरी खातात ते मधल्या वेळातले दिवे, पार्किंग, डेक आणि पंखा. दहा-पंधरा अँपिअर चार-पाच तास चालले की पन्नास-साठ एएच गेले. मग गाडी खाली करून शेतात परत, अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, त्यात निम्मा वेळ पाणंदीच्या रस्त्यावर कमी आरपीएमला. तेवढ्यात भरणा पूर्ण होत नाही. सबंध हंगाम बॅटरी अर्धी भरलेली राहते. प्लेटांवर तयार झालेलं सल्फेट ताजं असताना चार्जिंगनं विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे खडे घट्ट होतात आणि मग परतत नाहीत. तुमच्या बॅटऱ्या याच वाटेनं गेल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. म्हणून हंगामात आठवड्यातून एकदा, गाडी ग्रीसिंगला किंवा टायरला उभी राहील त्या रात्री, बॅटऱ्यांना बाहेरचा चार्जर लावा. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा.

यार्डातल्या वापरासाठी डेक-पंख्याच्या लाइनवर लो-व्होल्टेज कट-ऑफ बसवून घ्या, २४.२ व्होल्टला तोडणारा. ड्रायव्हरला पंखा लागतो, गाणी लागतात, रात्र त्यालाच काढायची असते. त्याच्या सोयी काढून घेऊन बॅटरी वाचवू नका. सोय चालू राहू द्या, सकाळी सेल्फ मारण्यापुरतं शिल्लक राहील असं वायरिंग करा. २४ व्होल्टचा केबिन पंखा साधारण एक अँपिअर खातो, रात्रभरात आठ-दहा एएच. ते कोणतीही धड बॅटरी सोसते. मात्र गाडी बंद ठेवून चालणारा बॅटरीवरचा पार्किंग एसी ही वेगळी गोष्ट आहे. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तो इंजिनवर चालतो आणि त्याचा बॅटरीला त्रास नाही. पण ७०० वॉटचा पार्किंग एसी बाहेरून बसवला तर २४ व्होल्टला २९ अँपिअर, आठ तासांना सव्वादोनशे एएचच्या पुढे. १५० एएचच्या जोडीतून ७० एएचपेक्षा जास्त काढूच नये. तो लावायचा तर त्याची वेगळी डीप-सायकल, म्हणजे खोलवर उतरणं सोसणारी बॅटरी लावा, सेल्फची जोडी त्याला देऊ नका.

गाडी उभी असताना गुपचूप जाणारा करंटही मोजून घ्या. जीपीएस ट्रॅकर, स्पीकरचा अँप्लिफायर, बीएस-६ गाडीतले कंट्रोल युनिट. चावी काढून, दारं बंद करून थोडा वेळ थांबा, म्हणजे युनिटं झोपतील. मग मायनस केबल सोडून मीटर मध्ये घ्या, दहा अँपिअरच्या खाच्यात, आणि त्या वेळी सेल्फ चुकूनही मारू नका. ५० मिलिअँपिअर दिसलं तर महिन्याला ३६ एएच गेले. चालत्या गाडीला हे काहीच नाही. पण हंगाम संपल्यावर पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीची १३० एएचची जोडी तीन-साडेतीन महिन्यांत पूर्ण उतरते, वर गरम हवेत बॅटरी स्वतःहूनही उतरत असते.

म्हणून गाडी महिन्याभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटऱ्या पूर्ण भरून केबल सोडून ठेवा आणि दर महिना-दीड महिन्याला परत चार्ज करा. याहून सोपं म्हणजे केबिनच्या टपावर ४० वॉटचं २४ व्होल्टचं छोटं सोलर पॅनेल, कंट्रोलरसकट. ते दिवसाला चार-पाच एएच देतं, ट्रॅकरची भूक भागून वर उरतं. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते हे मात्र आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना लागू नाही. जागा सावलीची आणि कोरडी असली की झालं.

खरेदीचं आता. १३० ऐवजी १८० टाकू का? पेटीत मावत असेल, खुंटांची दिशा जुळत असेल आणि आवळपट्टी नीट बसत असेल तर एक पायरी वर जायला हरकत नाही, म्हणजे १५०. मोठी बॅटरी अल्टरनेटरला भरता येत नाही असं सांगतात, ते खरं नाही. जेवढं काढाल तेवढंच परत भरावं लागतं, डबा केवढा का असेना. पण मोठी बॅटरी वीज तयार करत नाही. रोजचा जमाखर्च तुटीचा असेल तर १३० सव्वा वर्षात गेली, १८० दीड वर्षात जाईल. तूट भरून काढा, मग गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं एएच आणि क्रँकिंग अँपिअर (सेल्फ फिरवायला बॅटरी किती करंट देते तो आकडा) पुरे आहेत. क्रँकिंगचा आकडा उणे १८ अंशांना मोजलेला असतो. आपल्याकडे थंडीमुळे सेल्फ अडत नाही, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका. आपल्याकडे बॅटरीला मारतो तो उन्हाळा आणि हादरे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज ढोबळमानानं दुप्पट होते. पंढरपूर-सोलापूरकडच्या मे महिन्यात सावलीत ४२ अंश असताना सायलेन्सरशेजारच्या पेटीत काय होत असेल ते बघा. पेटी आणि सायलेन्सर यांच्यामध्ये मूळचा पत्रा असतो, तो गंजून पडला असेल तर आधी बसवा.

पाणी लागणारी की न लागणारी? तुमच्यासाठी मी पाणी लागणारीच सांगेन. कमी अँटिमनीची (अँटिमनी हा प्लेटच्या शिशात मिसळायचा धातू) किंवा हायब्रिड, म्हणजे पॉझिटिव्ह प्लेट अँटिमनीची आणि निगेटिव्ह कॅल्शियमची, जाड प्लेटांची आणि हेवी ड्युटी म्हणून विकली जाणारी. कारण तुमच्या वापरात बॅटरी वारंवार निम्मी उतरणार, आणि अशा वेळी अँटिमनी असलेली प्लेट कॅल्शियमपेक्षा चांगली सावरते. शिवाय झाकण उघडून सेल तपासता येतो. पूर्ण कॅल्शियमची, पाणी न लागणारी बॅटरी मुंबई-दिल्ली धावणाऱ्या गाडीला उत्तम. तिथे रोज दहा-बारा तास चार्जिंग मिळतं आणि रस्त्यात पाणी बघायला कोणी नसतं. ट्रकसाठी लिथियमची सेल्फ बॅटरी आज तरी घेऊ नका. किंमत सोडा, तिच्या आतल्या सर्किटनं चार्जिंग मध्येच तोडलं तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून कंट्रोल युनिट जाऊ शकतं.

कंपनीवरून भांडत बसू नका. एक्साइडचे कारखाने चिंचवड, तळोजा, अहिल्यानगरला आहेत, टाटा ग्रीनचा रांजणगावला, अमरॉन आंध्रातून येते. नावाजलेल्या सगळ्यांची हेवी ड्युटी मालिका कामाची आहे. त्यापेक्षा तुमच्या रस्त्यावर कोणाचा डीलर खरोखर वॉरंटी देतो ते बघा. कार्डावर मोठ्या अक्षरात महिने लिहिलेले असतात, त्यातले किती महिने फुकट बदलून आणि किती महिने फक्त किमतीत सूट, ते विचारून बिलावर लिहून घ्या. तारखेचा कोड वाचून घ्या. भरलेली येणारी बॅटरी सहा महिन्यांहून जुनी नको, आणि दुकानातच मीटर लावून १२.५ च्या वर आहे ना ते बघा. दोन्ही एकाच बॅचच्या घ्या. कोरडी येऊन दुकानात ॲसिड भरली जाणारी असेल तर ॲसिड भरल्यावर निदान अर्धा तास मुरू द्यायची आणि मग चार्जरवर लावायची असते. ॲसिड ओतून लगेच गाडीत टाकतात, ती बॅटरी पहिल्या दिवसापासून कमी भरते. जुने डबे उघडून नव्या प्लेटा घातलेल्या रिकंडिशन बॅटऱ्या रस्त्याकडेला निम्म्या किमतीत मिळतात. घाटात गाडी बंद पडली तर वाचलेले पैसे एका रात्रीत जातात, त्या वाटेला जाऊ नका.

एक बदलायची की दोन? दोन. जुनीची क्षमता घटलेली असते, ती लवकर उतरते आणि लवकर भरते, आणि भरल्यावर तिच्यातून जाणारा करंट फक्त पाणी उडवतो. नवी तिच्याबरोबर फरफटत जाते. पण तुमच्याकडे दोन गाड्या आहेत याचा फायदा घ्या. चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, बारा तास ठेवा, मोजा, आणि लोड टेस्टरवर, म्हणजे मोठा भार टाकून बघणाऱ्या यंत्रावर तपासा. दोन सारख्या चांगल्या निघाल्या तर त्यांची जोडी बीएस-४ गाडीला लावा आणि नवी जोडी बीएस-६ ला. इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात जास्त आहे, कमी व्होल्टेजला भलतेसलते फॉल्ट कोड तीच दाखवते.

चार्जिंग किती करंटनं? एएचचा दहावा भाग किंवा कमी, म्हणजे १३० ला १३ अँपिअरपर्यंत. फार दिवस उतरलेल्या बॅटरीला पाच अँपिअरनं दीड-दोन दिवस द्या, काही परत येतात. ग्रॅव्हिटी तीन तास लागोपाठ सारखी आली की बॅटरी भरली. हाताला डबा चटका देण्याइतका गरम झाला तर थांबा. ढाब्याशेजारी तासाभरात भरून देतो म्हणणारा जो बूस्ट लावतो, त्यानं प्लेटांवरचा मसाला झडतो.

पाण्याबद्दल कडक राहा. चार्जिंगमध्ये फक्त पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं. म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी, बॅटरीच्या पाण्याच्या आयएस १०६९ मानकाचं. नळाचं, बोअरचं, आरओचं, एसीतून ठिबकणारं, यातलं कुठलंच नाही. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, एसीचं पाणी धूळ आणि धातू धुऊन येतं. ग्रॅव्हिटी कमी आली म्हणून वरून ॲसिड टाकणारे आहेत, त्यांना बॅटरीला हात लावू देऊ नका. आकडा वाढतो, बॅटरी भरत नाही, आणि प्लेट जळते. पाणी चार्जिंगनंतर भरा, खुणेपर्यंतच. काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर ॲसिड बाहेर येऊन लग आणि ट्रे खातं. उन्हाळ्यात पंधरवड्याला, एरवी महिन्याला पातळी बघा. खुंटावर पांढरं-हिरवं आलं की गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, झाकणं घट्ट असताना, म्हणजे सोडा आत जाणार नाही. नट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जेली लग आणि खुंट यांच्या मध्ये नको, वरून.

आवळपट्टी नायलॉनच्या दोरीनं बांधलेली असेल तर आजच बदला. पाणंदीच्या रस्त्यावर सुटी बॅटरी आदळत राहते आणि प्लेटांचे सांधे आतून तुटतात, अशी बॅटरी कधी सेल्फ मारते आणि कधी अजिबात नाही. खाली रबर, वर पट्टी, पण डबा फुगेल इतकी आवळू नका.

बीएस-६ गाडीत ड्रायव्हरला एक गोष्ट समजावून सांगा. गाडी बंद केल्यावर लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडायचा नाही. चावी काढल्यावर यंत्रणा डीईएफच्या (धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी) नळ्यांतला युरिया परत टाकीत ओढून घेते. मध्येच वीज तोडली तर युरिया इंजेक्टरमध्ये सुकून खडे होतात, आणि ते काम बॅटरीपेक्षा कितीतरी महागात जातं. किती थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात आहे, निदान दोन मिनिटं तरी. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर दोन्ही केबल सोडा, पुस्तकात सांगितलेले कंट्रोल युनिटचे कनेक्टर काढा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा.

केबल सोडताना चासीची मायनस आधी, लावताना ती शेवटी. नाहीतर पान्याचं एक टोक प्लसवर आणि दुसरं चासीला लागलं तर पाना तिथेच वितळतो. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढा. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला की ठिणगीनं उडतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नाही, आणि चार्जरचा क्लिप काढण्याआधी चार्जर बंद. ॲसिड डोळ्यात गेलं तर लगेच साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धूत राहा आणि मग डॉक्टर, वाटेत थांबायचं नाही. हे क्लीनर पोरालाही शिकवा, बहुतेक वेळा पेटी तोच उघडतो.

जुन्या चारपैकी ज्या जातील त्या भंगारवाल्याला सुट्या विकू नका. नव्या बॅटरीच्या बिलात त्यांचे पैसे वळते होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. गल्लीतला भंगारवाला ॲसिड गटारात किंवा ओढ्यात ओततो आणि शिसं उघड्यावर वितळवतो. तो धूर आसपासच्या लेकरांच्या रक्तात जातो. डीलरकडे देताना डबे उभेच न्या, झाकणं लावून, आणि वजन तुमच्यासमोर करायला सांगा.